सुईवर राहिलेले टाके

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातली चिंधीन् चिंधी धुवून निघते. गोधड्या, पडदे, पांघरुणं, बाजेवरची सतरंजी, पोत्यांवर टाकलेली फडकी, काही म्हणता काही सुटत नाही. विहिरीवरची मोटार सुरू झाली की बायका हौदाला चिकटल्याच. दुपारपर्यंत नेकनूरच्या रस्त्याला दोन्ही अंगांच्या बांधांवर नुसत्या गोधड्याच गोधड्या दिसतात. न धुतलेलं कापड घरात असताना घट बसवत नाहीत. या नेमातून आमच्या घरात एकच वस्तू दरसाल सुटायची, ती म्हणजे माझी लोकरीची पत्र्याची पेटी.

तिला मी कुणाला हात लावू देत नसे. अर्धवट विणलेली वस्तू सुईसकट धुता येत नाही. लोकर ताणते, टाके सैल पडतात, सुईला गंज चढतो आणि तो गंज एकदा लोकरीला लागला की साता जन्मात निघत नाही. कारण खरं होतं, पण मी ते गरजेपेक्षा मोठ्या आवाजात सांगायचे. सासूबाई होत्या तोवर दर नवरात्राला आमची यावरून जुंपायची. त्या म्हणायच्या, "पुरं कर न्हाईतर उसव. मधीच लटकवून कावून ठेवतीस?" मी म्हणायचे, नवरात्र झालं की करते. नवरात्र झालं की सोयाबीन, सोयाबीन झालं की कापूस, आणि कापूस आवरून जरा टेकावं तर थंडी संपून लोकर हातात धरवत नसे. अशी पेटी भरत गेली.

यंदा सुनेनं फर्मान काढलं. सकाळी चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "आत्याबाई, यंदा ती पेटी उघडायची. एकेक काढायचं. ठेवायचं ते ठेवायचं, न्हाई ते उसवायचं. उसवलेली लोकर धुता येती का न्हाई?"

"येते की."

"मग झालं."

खरं म्हणजे मला राग यायला पाहिजे होता. माझ्या पेटीवर हुकूम चालवणारी तू कोण, असं तोंडावर आलंही होतं. पण ते मी गिळलं, कारण या पोरीचा असा ठसकेबाज आवाज मी दोन वर्षांनी ऐकत होते. नांदूरघाटकडची ही पोर लग्न होऊन आली तेव्हा दिवसभर तिची टकळी चालायची. माझ्याशी वाद घालायची, भाजीत तिखट किती यावरून सासऱ्यांची चेष्टा करायची. आणि मग दोन वर्षं ती नुसती कामापुरती बोलली. विचारलं तर उत्तर, नाही विचारलं तर गप्प. आता उन्हाळ्यापासून पुन्हा कुठं हसायला लागली होती.

आणि त्या पेटीच्या तळाशी तिच्या बाळासाठी विणायला घेतलेला पिवळा तुकडा होता. ते बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. पेटी उघडणार, तो तुकडा तिच्या हाताला लागणार, आणि मोठ्या मुश्किलीनं उभी राहिलेली पोर पुन्हा खाली बसणार, या विचारात मी कप हातात धरून बसले. चहा तसाच निवून गेला.

तो तुकडा अर्धवट का होता, ते सांगायला पाहिजे. आमच्याकडं बाळ जन्मायच्या आधी त्याचं नवं कापड करत नाहीत. बाळ येतं ते आधी जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात, मग पुढचं सगळं. माझ्या वेळी मी नुकतंच बीडला महिला मंडळाच्या वर्गात विणकाम शिकलेले होते. नव्याची नवलाई, दिवस गेले तशी मी निळी लोकर घेऊन बसले. सासूबाईंनी बघितलं आणि सुया हातातून हिसकावूनच घेतल्या. "जल्माच्या आधी कापड? कुणी शिकवलं तुला हे? त्याची दृष्ट लागती, कळतंय का?" मीही काही कमी हट्टी नव्हते. दोन दिवस जेवले नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. टाके घाल, विण, किती विणायचं तितकं विण, पण टाके बंद करू नकोस. सुईवर ठेव. जोवर सुई आत हाय तोवर ते कापड न्हाई. बाळ जन्मलं की मग बंद कर.

देवाला असं फसवता येतं का, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण त्या अधूनमधून येऊन सुई आत आहे ना ते बघून जायच्या. मुलगा झाला आणि पाचवीच्या दिवशी बाजेवर पडल्या पडल्या मी टाके बंद केले. तेव्हापासून तो माझाही नेम होऊन बसला. भावकीत कुणाही सुनेचं पोट दिसायला लागलं की मी गुपचूप टाके घालायचे. तिला सांगायचं नाही, दाखवायचं नाही. बाळ झाल्याचा फोन आला की आधी सुया हातात, मग पेढ्यांचं बघायचं. भावकीतल्या कितीतरी पोरांनी माझ्या हातचं पहिलं स्वेटर घातलं आहे. थंडी आमच्याकडं असते ती एवढीशी, पण पोरांना भर उन्हात घालून मिरवतात, मग मीच ओरडते की अरे काढा ते, पोर शिजेल.

माझ्या स्वतःच्या सुनेच्या वेळी पिवळी लोकर घेतली. मुलगा असो, मुलगी असो, चालते. पाठीचा भाग बगलेच्या वरपर्यंत आला होता. डोहाळजेवण करून तिला माहेरी पाठवायची, त्याची तयारी चालली होती. एका सकाळी ती चुलीपाशी येऊन म्हणाली, "आत्याबाई, हालचाल लागत न्हाई." बीडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून बघितलं, परत बघितलं, आणि आमच्याकडं न बघता सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती बाळंत झाली. मुलगा होता. आमच्यात अशा बाळाला आईला दाखवत नाहीत, जीव गुंततो म्हणतात. नर्सनं फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला, मी दवाखान्याबाहेर घेऊन आले, आणि माझा मुलगा आणि त्याचे चुलते त्याला घेऊन गेले. त्यानंतर आमच्या घरात त्या गोष्टीचा शब्द कुणी काढला नाही. आपण तिला जपतोय असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

तर फर्मान निघालं त्याच दुपारी, ती हौदावर गोधड्या घेऊन गेलेली असताना, मी दार लोटून पेटी उघडली. ठरवलं होतं की तो तुकडा आत्ताच उसवून टाकायचा. लोकरीचा गुंडा करून दुसऱ्या गुंड्यांत मिसळून दिला की विषय संपला. उसवायला काय लागतं? सुई ओढून काढायची आणि एक टोक धरून खेचत जायचं, सरसर सगळं निघतं. आयुष्यात मी मणभर लोकर उसवली असेल. गळा चुकला, उसव. ओळ वाकडी गेली, उसव. माझ्यासारखी उसवणारी बाई पंचक्रोशीत नसेल.

सुई अर्धी बाहेर काढली आणि हात थांबला. पुढं जाईचना. टाके सुटून उघडे पडले होते, त्यांच्याकडं बघवेना. स्वतःवरच चिडले. अगं, लोकर आहे, नुसती लोकर आहे, म्हणून स्वतःला दटावलं, पुन्हा धरली सुई. मग एकेक टाका नखानं उचलून परत सुईवर चढवत बसले. रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता.

उसवत नाही म्हटल्यावर लपवायचं ठरलं. घरात लपवायला जागा कुठली? कपाटं सगळी उपसलेली, माळा झाडलेला. शेवटी ज्वारीच्या कोठीत हात घातला आणि कोपरापर्यंत खाली नेऊन तो तुकडा सुईसकट ज्वारीत पुरला. वरून दाणे सारखे केले. मागं वळून बघते तर आमचे हे दारात उभे.

"ज्वारीत काय विणतीस?"

"उंदराला स्वेटर," मी म्हणाले. ते कोठीकडं बघत उभे राहिले, आणि मग टोपी डोक्यावर नीट करून शेताकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आवरल्यावर सून पेटी ओसरीवर घेऊन आली. सतरंजी टाकली, मला भिंतीला टेकायला लोड दिला, आणि स्वतः समोर मांडी घालून बसली. तिनं आधीच कायदा सांगून टाकला. वस्तू बाहेर निघाली की एकच प्रश्न, हे घालणारं माणूस या जगात हाय का? असेल तर ठेवायचं, नसेल तर उसवायचं.

पहिलंच निघालं ते टीव्हीचं कव्हर. आमचा जुना टीव्ही होता, पुढून टीव्ही आणि मागून ट्रॅक्टर, त्याच्यासाठी मी जाळीचं काम काढलं होतं. चारी बाजूंनी झालर, वर मोर. मोराचा पिसारा अर्धा झाला आणि पोरानं भिंतीवरचा पातळ टीव्ही आणला. त्यावर ते कव्हर घातलं असतं तर एखाद्या काठीला बाराबंदी घातल्यासारखं दिसलं असतं. सून म्हणाली, "घालणारा टीव्हीच मेला की आत्याबाई." उसवायचं ठरलं. मोराचं मात्र मला वाईट वाटलं, कारण त्याचे डोळे फार छान जमले होते.

मग निघाला ह्यांचा स्वेटर. पाठ पूर्ण, पुढचा भाग पाऊण. मध्ये बरीच वर्षं गेली आणि या वर्षांत ह्यांचं पोट पुढं आलं. पाठ अंगाला बसते, पुढचा भाग बसायचं नाव घेत नाही. मी म्हणाले उसव. ती म्हणाली, "कावून? घालणारा माणूस जित्ता हाय. पुढचाच भाग रुंद करून विणा." मी म्हणाले, "म्हणजे मागून तरणाबांड आणि पुढून सावकार?" ती म्हणाली, "तसेच हायत मामा." आणि पदर तोंडाला लावून हसली. बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना बघून मला बरं वाटलं आणि त्याच वेळी धास्तीही वाटली. पेटी हळूहळू रिकामी होत होती.

मफलरीची गोष्ट तिला माहीत नव्हती. अर्धी मफलर निघाली तेव्हा तिनं रंग बघितले आणि माझ्याकडं बघितलं. माझे दीर ग्रामपंचायतीपासून राजकारणात. एका निवडणुकीच्या हिवाळ्यात माझ्याकडं आले आणि म्हणाले, वहिनी, पक्षाच्या रंगाची मफलर पाहिजे, साहेबांच्या सभेत गळ्यात घालून बसतो. मीही हौसेनं बसले. निम्मी झाली आणि दिरांनी पक्ष बदलला. वहिनी, तेवढे रंग बदला, म्हणाले. मी म्हणाले, भाऊजी, निम्मी तशी आणि निम्मी अशी करते, म्हणजे पुढच्या खेपेला नुसती पालटून घालता येईल. ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. आता सगळं विसरून दर पाडव्याला येतात, पण मफलरीचं नाव काढत नाहीत.

सून हसता हसता आडवी झाली. "ही ठेवायची आत्याबाई. ही उसवायची न्हाई."

"घालणार कोण?"

"कुणीपण घालू दे. पुढच्या निवडणुकीला बाजारात विकू." तिनं मफलर आपल्याच गळ्यात टाकली आणि पुढच्या वस्तूला हात घातला.

अशी एकेक वस्तू निघत गेली. मुलाचा कॉलेजचा एका बाहीचा स्वेटर निघाला. त्याची लोकर पुन्हा मिळालीच नाही, दुकानदार म्हणाला तो रंग बंद झाला. तो उसवायचा. पायमोज्यांच्या जोडीतला एकच निघाला, दुसरा विणायचा कंटाळा आलेला. तोही उसवायचा. एक शाल निघाली, ती पुरी करीन असं मी अजूनही म्हणते, ती ठेवायची. सतरंजीवर दोन ढीग झाले. मी बोलत होते, हसत होते, आणि माझं निम्मं लक्ष कोठीकडं होतं. तळ दिसायला लागला तसा माझा जीव भांड्यात पडला. सुटले, असं मनात म्हणाले.

पेटी रिकामी झाली. तिनं ती उचलून उलटी केली. तळाशी हात मारला. आतला कागद काढून झटकला. मग पेटी खाली ठेवली आणि गळ्यातली मफलर काढून बाजूला ठेवली.

"माझं कुठंय?"

"तुझं काय?"

"माझ्या बाळाचं. तुमी टाके घातलेच असतील."

मला वाटलं होतं तिला ठाऊक नाही. मी तिला कधी दाखवलं नव्हतं. ती म्हणाली, "पिवळं होतं. तुमच्या पदराला लोकरीचं तूस चिकटलेलं असायचं. मला कळत होतं, पर विचारायचं नसतं म्हणून मी विचारलं न्हाई."

मी पटकन बोलून गेले, "उसवलं ते."

"कधी?"

"तेव्हाच."

मला वाटलं झालं, संपलं. पण तिचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता. ती दोन्ही ढिगांकडं बघत होती, पण तिला ते दिसत नसावेत.

"तेवढं एकच होतं," ती म्हणाली. "त्याचं या घरात काहीच न्हाई. नाव न्हाई ठेवलं. फोटो न्हाई. कुणी बोलत न्हाई. मला कधी कधी वाटायचं, मीच खोटं बोलते का काय, असं काही झालंच नसंल. मग मी म्हणायचे, न्हाई, आत्याबाईच्या पेटीत हाय की त्याचं. पेटी उघडायचा हट्ट मी त्यापायी केला, आत्याबाई. मला काय करायचं होतं तुमच्या मफलरीचं?"

मी जन्मात इतकी ओशाळले नव्हते. तिला ते दिसू नये म्हणून मी रात्रभर जागी होते आणि ही पोर ते दिसावं म्हणून दोन वर्षं त्या पेटीकडं बघत होती. मी उठले. गुडघे धरले होते, भिंतीला हात लावत आत गेले आणि कोठीचं झाकण काढलं. ज्वारीत हात घातला तर तुकडा लागेना. काल कुठल्या बाजूला पुरला तेच आठवेना. मागून ती आली. काही न विचारता तिनंही हात घातला. दोघी कोठीवर वाकून ज्वारी चाळत होतो आणि दाणे बाहेर सांडत होते. तिच्याच हाताला लागला.

तिनं तो बाहेर काढला. टाक्यांमध्ये दाणे अडकले होते. तिनं खिडकीच्या उजेडात नेऊन ते दाणे एकेक करून काढले. सगळे निघेपर्यंत वर बघितलं नाही. मग तुकडा तळहातावर पसरला. तळहात नि थोडी मनगटाकडची जागा, एवढंच होतं ते सगळं.

"केवढंसं हाय," ती म्हणाली.

मी म्हणाले, "मी खोटं बोलले. उसवायला गेले होते काल. हात झाला नाही."

तिनं सुईवरून बोट फिरवलं. "हे बंद कावून केलं न्हाई? आता किती दिस सुईवरच ठेवायचं?"

मी तिला आमचा नेम सांगितला. म्हणाले, "बाळ जन्मलं की टाके बंद करायचे असतात, बाई. तोवर सुईवर ठेवायचे. हे जन्मलंच नाही, मग मी कसे बंद करणार? आणि उसवायला हात झाला नाही. म्हणून तसंच राहिलं."

तिनं मान वर केली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"जन्मला होता की आत्याबाई. मी जन्म दिलाय त्याला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कळा दिल्यात. तुमी होता की तिथं."

मी होते. दारापाशीच होते. आत ती ओरडत होती आणि मी बाहेर देवाचं नाव घेत होते, आणि ते सगळं होऊनसुद्धा दोन वर्षं माझ्या लेखी ते बाळ जन्मलेलंच नव्हतं. जन्मलं म्हणजे रडलं, असंच मी धरून चालले होते. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. मी तिथंच कोठीला टेकून खाली बसले आणि तिला म्हणाले, "बस. बंद करू."

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. मी सुईला हात घालणार तर म्हणाली, "तुमी नका. मला शिकवा. मी करते."

तिला विणकाम येत नव्हतं. कधी शिकलीच नव्हती, मीच म्हणायचे की तुझ्या अंगात दम नाही. दुसरी सुई तिच्या हातात दिली. दोन टाके विणून घ्यायचे, मागचा टाका उचलून पुढच्यावरून पलीकडं टाकायचा, की तो बंद. मग आणखी एक विणायचा, परत मागचा उचलायचा. तिचा हात कडक होता, सुई घट्ट धरायची, टाका निसटायचा. मी एरवी कुणाला शिकवताना दोन वेळांत तोंड सोडते. आज म्हणत होते, सावकाश, सावकाश कर, काही घाई नाही.

ओसरीवर दोन्ही ढीग तसेच पडले होते. दारातून कोंबडी आत आली आणि सांडलेली ज्वारी टिपायला लागली. आम्ही तिला हाकललं नाही. निम्मे टाके बंद झाले असतील, तेव्हा तिनं सुई थांबवली. वर न बघता विचारलं.

"आत्याबाई, तुमी घेतलंतं त्याला हातात."

"हो."

"कसा होता?"

दोन वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. आठवायची गरजच नव्हती, सगळं समोर होतं. मी म्हणाले, "गोरा होता. केस लई होते, काळेभोर, कपाळावर आलेले. ओले होते, तर मी पदरानं मागं सारले."

तिचा हात मांडीवर तसाच राहिला. मी थांबले तशी म्हणाली, "आणखी सांगा."

"बोटं लांब होती, माझ्या मुलासारखी. नाक तुझं. ओठ मिटलेले होते, झोपल्यासारखा दिसत होता. एक मूठ अशी गालापाशी होती. मी ती उघडून बघितली."

"उघडून बघितली?"

"हो. मग परत मिटली."

तेव्हा ती रडली. मीही रडले. तिनं डोळे पुसले, सुई पुन्हा नीट धरली, मागचा टाका उचलून पुढच्यावरून टाकला आणि विचारलं, "जड होता का हो?"

"होता," मी म्हणाले. "चांगला जड होता."